शांततेचे दफ्तर



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला इतकी वर्षे चालत आली आहे, ते वकालतनाम्यावर पक्षकाराची सही घेण्यापूर्वी त्याला एकदा तरी तडजोडीचा सल्ला देत, आणि वीतभर बांधासाठी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या भाऊबंदांना आपल्या ओटीवर समोरासमोर बसवून कित्येक दावे दाखल होण्यापूर्वीच निकालात काढीत, अशी त्यांची ख्याती माझ्या पिढीच्या कानांवर आलेली आहे. अशा गृहस्थाच्या स्मृतीला साजेसा विषय शोधू लागलो, तेव्हा राष्ट्राराष्ट्रांमधले तंटे याच रीतीने मिटावेत म्हणून आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे खर्ची घालणाऱ्या बर्था फॉन सुट्नर या ऑस्ट्रियन बाईंचे स्मरण मला व्हावे, यात नवल नाही. शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री, एवढी एक ओळ आपल्या मुलांना सामान्यज्ञानाच्या परीक्षेपुरती पाठ असते. त्या ओळीमागचे आयुष्य मात्र आपल्याकडे बहुधा कोणी उलगडून पाहिलेले नाही.

शांततेचा पुरस्कर्ता म्हटला की आपल्या मनासमोर एखादी विरक्त, कृश, व्रतस्थ मूर्ती उभी राहते. ही आपल्या परंपरेची देणगी आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे मला कारण नाही; परंतु सुट्नरबाईंना त्या साच्यात बसवू गेल्यास त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना उंची वस्त्रांची हौस होती, गायनाची आवड होती, सरदार-मुत्सद्द्यांच्या बैठकीत सहजपणे वावरण्याची सवय होती, आणि वाद घालण्याचा कंटाळा तर मुळीच नव्हता. त्यांच्या कार्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा की, शांततेचा विषय त्यांनी कीर्तनातून उचलून कचेरीत नेला. सभासदांची यादी, वर्गणीची वही, ठरावाचा मसुदा, परिषदेचे इतिवृत्त, मंत्र्याकडे धाडायचा अर्ज आणि वृत्तपत्रातल्या टवाळीला द्यायचे प्रत्युत्तर, असे एक रीतसर दफ्तर त्यांनी या विषयाभोवती उभे केले. या दफ्तराचे मोल काय, हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आणि १९१४ च्या ऑगस्टात युरोप पेटला त्याअर्थी हे सारे दफ्तर रद्दीच्या किमतीचे ठरले, असे जे सर्रास मानले जाते, ते मला मान्य नाही.

बर्थाबाईंचा जन्म ९ जून १८४३ रोजी प्राग शहरी किन्स्की या सरदार घराण्यात झाला. वडील ऑस्ट्रियाच्या फौजेत मोठ्या हुद्द्यावर होते. मुलगी जन्माला येण्यापूर्वीच ते वृद्धापकाळाने निवर्तले. आईचे कूळ तितके उच्च नव्हते, सबब व्हिएन्नाच्या दरबारी समाजाने या मुलीला कधीही पूर्णपणे आपली मानले नाही. त्यातच आईला जुगाराचा नाद. जे काही द्रव्य होते ते जुगारखान्यांच्या मेजांवर हळूहळू वाहून गेले. या काळात ऑस्ट्रियाने १८५९ मध्ये इटलीत आणि १८६६ मध्ये प्रशियाशी युद्ध केले, हजारो माणसे मेली, आणि या सेनापतीच्या मुलीच्या मनावर त्याचा ओरखडाही उठला नाही. नृत्यसमारंभ, गायनाचे धडे आणि विवाहाचे मनोरथ यांतच आपण गुंग होतो, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. युद्धाचा तिटकारा त्यांना जन्मजात नव्हता, तो त्यांनी पुढे वाचून, विचारून आणि विचार करून कमावला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पैसा संपला तेव्हा, वयाच्या तिशीत, त्या व्हिएन्नाच्या सुट्नर कुटुंबात चार मुलींची शिक्षिका म्हणून राहिल्या. तेथे त्या मुलींचा भाऊ आर्थर, जो बर्थाबाईंहून सात वर्षांनी लहान होता, तो आणि त्या परस्परांवर अनुरक्त झाली. घरच्या मंडळींना हे कळल्यावर जे व्हायचे ते झाले, आणि १८७६ साली बाईंची रवानगी पॅरिसला झाली. तेथील एका धनाढ्य, सुशिक्षित गृहस्थाला अनेक भाषा जाणणारी प्रौढ स्त्री चिटणीस म्हणून हवी होती. हा गृहस्थ म्हणजे डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल. नोकरी अवघ्या काही दिवसांत आटोपली. नोबेल कामानिमित्त स्वीडनला गेले असता बाईंनी आपल्याजवळचा वारसाहक्काने आलेला हिऱ्यांचा दागिना विकला, व्हिएन्नाचे तिकीट काढले, आणि त्याच वर्षीच्या १२ जूनला आर्थरशी गुपचूप विवाह करून दोघेही थेट कॉकेशसच्या वाटेला लागली. इतक्या अल्प परिचयातून नोबेल यांच्याशी जो पत्रव्यवहार सुरू झाला, तो नोबेल यांच्या मृत्यूपर्यंत चालला.

कॉकेशसमधल्या जॉर्जियातल्या त्या नऊ वर्षांविषयी फार सांगण्याचे प्रयोजन नाही. भाषा आणि संगीत शिकवावे, वृत्तपत्रांसाठी लेख आणि कादंबऱ्या लिहाव्या, कधी उपास काढावा, असा तो काळ गेला. १८७७ साली रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध जवळच पेटले तेव्हाही या पतिपत्नींची सहानुभूती निःसंकोचपणे रशियाच्या बाजूची होती. १८८५ साली सासरच्यांनी क्षमा केली, आणि दोघे त्यांच्या हार्मान्सडॉर्फच्या कर्जाने पोखरलेल्या वाड्यात राहावयास आली. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, पॅरिसच्या मुक्कामी, लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय लवादाचा पुरस्कार करणारी एक संस्था अस्तित्वात आहे ही वार्ता त्यांना कळली. एवढ्याशा वार्तेने एखाद्याच्या आयुष्याचा ओघ बदलावा, याचे आपल्याला आश्चर्य वाटेल; परंतु युद्धाला पर्याय म्हणून काही यंत्रणा असू शकते, तिच्यासाठी सभा भरतात, नियमावली छापली जाते, हेच त्यांना तोवर ठाऊक नव्हते. दुःख पुष्कळांना दिसते. त्यावर इलाज करणारे कोणी आहे असे कळल्यावाचून माणूस सहसा हात हलवीत नाही.

१८८९ साली ‘शस्त्रे खाली ठेवा’ या अर्थाच्या नावाची त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि येथे मला थोडे रेंगाळू द्यावे. मार्था नावाच्या एका सरदारकन्येच्या आत्मकथनाच्या रूपाने ती लिहिलेली आहे. पहिला नवरा १८५९ च्या युद्धात पडतो. दुसरा, जो स्वतः सैनिक असूनही युद्धाविषयी साशंक आहे, तो १८६४ आणि १८६६ च्या युद्धांतून जिवंत परततो आणि १८७१ साली पॅरिसमध्ये हेर ठरवून गोळी घालून मारला जातो. मधल्या काळात, सादोवाच्या लढाईनंतर, मार्था नवऱ्याच्या शोधार्थ बोहेमियात जाते. तेथे पेंढ्यावर टाकून दिलेले जखमी, अपुरे वैद्य, पाण्यासाठी चाललेला आक्रोश हे सारे ती पाहते. आणि परत येते तो फौजेच्या पाठोपाठ आलेली पटकी तिच्या माहेरची माणसे एकामागून एक नेऊ लागते. रणांगणावर कीर्ती मिळवण्याच्या गोष्टी ज्या वाड्यातल्या दिवाणखान्यात रोज झडत, त्याच वाड्यात शत्रूची एकही गोळी न लागता माणसे मरतात. हा प्रसंग लेखिकेने जितक्या थंडपणे रंगवला आहे तितकाच तो परिणामकारक झाला आहे. स्वतः न पाहिलेली ही युद्धे वर्णन करण्यासाठी त्यांनी इतिहासग्रंथ चाळले, लष्करी वैद्यांचे अहवाल वाचले, लढाईहून परतलेल्या माणसांना विचारपूस केली. कादंबरीचा पायाही दफ्तरीच होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

साहित्यकृती म्हणून ती निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पात्रे पुष्कळदा व्याख्याने देतात, आणि योगायोगांची रेलचेल आहे. तथापि त्याच सुमारास, १८९० पासून, आपल्याकडे ‘करमणूक’ पत्रात हरिभाऊ आपट्यांची यमू ‘पण लक्षांत कोण घेतो!’ म्हणून आपली कहाणी सांगू लागली होती, हे आठवले म्हणजे मौज वाटते. या दोन ग्रंथांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, परंतु ज्या अन्यायाला तर्काने हात घालता येत नाही तो एका स्त्रीच्या आत्मकथनातून घरात नेऊन सोडावा, ही युक्ती दोघांनाही एकाच वेळी सुचली. फरक इतकाच, की येथे पुरुषाने स्त्रीचा आवाज घेतला आणि तेथे स्त्रीने पुरुषांच्या राखीव विषयात हात घातला.

सुट्नरबाईंच्या कादंबरीचे हस्तलिखित अनेक नियतकालिकांनी साभार परत केले. ड्रेस्डेनच्या पियर्सन या प्रकाशकाने अखेर ते स्वीकारले, पण एखाद्या अनुभवी मुत्सद्द्याच्या नजरेखालून घालून त्यातला आक्षेपार्ह मजकूर गाळावा, आणि नाव तरी सौम्य करावे, अशी त्याची सूचना होती. बाईंनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. पुस्तक निघाल्यावर मात्र ते आवृत्त्यांमागून आवृत्त्या आणि भाषांतरांमागून भाषांतरे करीत गेले. जर्मन समाजवाद्यांचे पुढारी लीब्क्नेख्त यांनी ते आपल्या पक्षाच्या मुखपत्रात क्रमशः छापले. टॉलस्टॉय यांनी पत्र लिहून अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धच्या सुप्रसिद्ध कादंबरीशी त्याची तुलना केली. आणि मला सर्वांत रोचक वाटते ती गोष्ट अशी, की ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री दुनायेव्स्की यांनी अंदाजपत्रकावरील चर्चेत, प्रतिनिधिगृहात उभे राहून, या कादंबरीची शिफारस केली. फौजेवरच्या खर्चाचा आकडा ज्याला दरसाल जुळवावा लागतो, त्यालाच तिचे मर्म प्रथम कळले, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

येथून पुढे कादंबरीकार मागे पडते आणि चिटणीस पुढे येते. १८९१ च्या सप्टेंबरात व्हिएन्नाच्या ‘नॉय फ्राय प्रेस’ या वजनदार दैनिकात त्यांनी आवाहन प्रसिद्ध केले, त्यातून ऑस्ट्रियन शांतता-मंडळ जन्मास आले, आणि नोव्हेंबरात रोमच्या परिषदेत त्यांनी आयुष्यातले पहिले जाहीर भाषण केले. बर्न येथे निघालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता कार्यालयाच्या त्या उपाध्यक्ष झाल्या. १८९२ पासून आल्फ्रेड फ्रीड या तरुण प्रकाशकाच्या साहाय्याने कादंबरीच्याच नावाचे मासिक त्यांनी चालवले, ते १८९९ पर्यंत टिकले. जर्मनीतले मंडळही याच जोडीच्या खटपटीतून उभे राहिले. आर्थरही मागे नव्हता. यहुदी-द्वेषाचा प्रतिकार करण्यासाठी व्हिएन्नात १८९१ साली जे मंडळ निघाले त्याच्या संस्थापकांत तो होता. या सर्व वर्षांत व्यंगचित्रकारांनी ‘शांतिबर्था’ म्हणून बाईंची मनमुराद टर उडवली, फेलिक्स डान नावाच्या कवीने बायकांनी शस्त्रांच्या गोष्टीत पडू नये अशा आशयाचे कवन रचले, आणि घरची सांपत्तिक स्थिती उत्तरोत्तर खालावत गेली. पत्रे, टपालखर्च, मुद्रिते, वर्गणीसाठी श्रीमंतांच्या विनवण्या, प्रतिनिधींच्या राहण्याची व्यवस्था यांतून ज्याचा ज्याचा एखाद्या सार्वजनिक संस्थेशी चिटणीस म्हणून संबंध आला असेल, त्यालाच या दिनक्रमाची खरी कल्पना येईल.

नोबेल यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहाराचे एक फळ मात्र सर्वांना ठाऊक आहे. नोबेल यांना परिषदांवर विश्वास नव्हता. आपले कारखाने तुमच्या सभांपेक्षा लवकर युद्धाचा अंत करतील, कारण एका क्षणात परस्परांचा संहार करण्याची शक्ती आली की सुसंस्कृत राष्ट्रे भयाने मागे फिरतील, अशा अर्थाचे ते बोलत. तरीही १८९२ च्या बर्न परिषदेच्या वेळी ते स्वतः येऊन गेले, आणि जानेवारी १८९३ मध्ये त्यांनी बाईंना कळवले, की आपल्या मिळकतीचा काही भाग पारितोषिकासाठी ठेवण्याचा आपला मानस आहे. ते दर पाच वर्षांनी, असे सहा वेळा द्यावे, कारण तीस वर्षांत ही व्यवस्था सुधारली नाही तर जग रानटीपणाकडे परतणारच. तीस वर्षांची ही मुदत त्या व्यवहारी माणसाने उदारपणेच घातली होती; जग एकवीस वर्षांतच परतले. २७ नोव्हेंबर १८९५ च्या अखेरच्या मृत्युपत्रात शांततेच्या पारितोषिकाची जी पात्रता लिहिली आहे, तीत राष्ट्रांमधील बंधुभाव आणि खड्या फौजांची कपात यांच्या जोडीला शांतता-परिषदा भरवणे व वाढवणे हेही कलम आहे. परिषदांची थट्टा करणाऱ्या माणसाच्या मृत्युपत्रात हे कलम कोणाच्या पत्रांमुळे आले असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. १९०१ साली पहिले पारितोषिक विभागून दिले तेव्हा एक वाटा रेडक्रॉसच्या द्युनां यांना मिळाला, ही गोष्ट बाईंना रुचली नाही. युद्ध सुसह्य करणे आणि युद्ध नाहीसे करणे ही दोन कामे निराळी, असे त्यांचे मत होते. त्या मताशी मी सहमत नाही, पण ते तर्कशुद्ध आहे. त्यांना स्वतःला तो मान १९०५ साली लाभला. आर्थर तत्पूर्वीच, १९०२ च्या डिसेंबरात वारला होता आणि हार्मान्सडॉर्फच्या वाड्याचा लिलाव झाला होता.

आता हेगविषयी. १८९८ च्या ऑगस्टात रशियाच्या झारने शस्त्रसंन्यासासाठी परिषद भरवण्याचा खलिता सर्व वकिलातींना धाडला, तेव्हा बाईंना आकाश ठेंगणे झाले. झारच्या खजिन्याला नव्या तोफांचा खर्च पेलत नव्हता, हे त्यामागचे एक कारण होते. ते त्यांना पुरते उमगले होते असे म्हणवत नाही. १८ मे १८९९ रोजी हेगच्या वनप्रासादात २६ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, आणि उद्घाटनाला हजर असलेली एकमेव स्त्री म्हणजे सुट्नरबाई. त्यांच्या बैठकीत वकील, पत्रकार, प्रतिनिधी येत. वॉर्साचे इवान ब्लॉख हे धनाढ्य गृहस्थही येत. पुढच्या युद्धात सैनिकाला बंदुकीइतकीच कुदळ लागेल, आणि खंदकांत अडकून पडलेल्या फौजांचा निकाल अखेर उपासमारीने लागेल, असे त्यांनी आदल्याच वर्षी सहा खंडांच्या ग्रंथात आकडेवारीनिशी मांडले होते. शस्त्रकपातीचा प्रश्न परिषदेत विझला. विमानांचा शोध लागायचा होता, तरी फुग्यांतून स्फोटके टाकू नयेत अशी बंदी पाच वर्षांच्या मुदतीने घातली गेली. १९०७ मध्ये ती पुन्हा मांडली तेव्हा जर्मनी, फ्रान्स, रशिया यांनी सही केली नाही. १९११ साली इटलीच्या वैमानिकाने लिबियात पहिला बॉम्ब टाकला, आणि पुढच्याच वर्षी, सत्तरीला टेकलेल्या बाईंनी हवेच्या रानटीकरणावर पुस्तिका लिहून जगाला ताकीद दिली.

परंतु १८९९ च्या परिषदेतून कायम लवाद न्यायालय निघाले, आणि तंट्याच्या वस्तुस्थितीची निःपक्ष चौकशी करण्याचीही एक रीत ठरली. या रीतीचा उपयोग पाच वर्षांतच झाला. १९०४ च्या ऑक्टोबरात रशियाच्या आरमाराने उत्तर समुद्रात इंग्रज कोळ्यांच्या मचव्यांना अंधारात जपानी नावा समजून त्यांवर तोफा डागल्या. लंडनमध्ये युद्धाची भाषा सुरू झाली. प्रकरण पॅरिसच्या चौकशी मंडळापुढे गेले आणि रशियाने नुकसानभरपाई दिली. जे युद्ध झालेच नाही त्याचे स्मारक कोणी बांधीत नाही. झालेल्या युद्धाची स्मारके आपल्याला ठाऊक आहेत: साताऱ्याकडच्या कित्येक गावांत, चावडीपाशी किंवा देवळाच्या आवारात, या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, अशी पाटी भिंतीत बसवलेली आढळते. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात शरण गेलेल्या डिव्हिजनचे नावच मुळी पुणे डिव्हिजन होते, आणि तीत मराठा पलटणी होत्या. ज्या तंट्याचे नावही त्यांनी ऐकले नव्हते त्यासाठी ही माणसे टायग्रिसच्या काठी उपाशी राहिली.

येथेच बाईंच्या दृष्टीची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांचा डार्विन-स्पेन्सरच्या काळाला शोभेल असा प्रगतीवर अढळ विश्वास होता. सुसंस्कृत राष्ट्रे एकमेकांत शहाणपणाने वागू लागली की प्रश्न सुटला, असे त्यांच्या चळवळीचे गृहीत होते. हेगच्या मेजाभोवती आशियातून तुर्कस्तान, इराण, सयाम, चीन आणि जपान बसले होते. हिंदुस्थान नव्हता, आफ्रिका तर नव्हतीच. ज्यांना दावा लावण्याचाच अधिकार नाही, त्यांना लवादाचा काय उपयोग, हा प्रश्न त्या परिषदेने विचारला नाही. परिषद उठून तीन महिने होतात न होतात तोच इंग्रजांचे बोअरांशी युद्ध पेटले. आपल्याकडे गोतसभेसमोर पाटील आणि बलुतेदार दोघेही उभे राहत आणि महजरावर सर्वांच्या निशाण्या पडत, ती व्यवस्थाही समतेची नव्हती, पण निदान फिर्यादीला उभे राहायला जागा होती.

१९१३ साली स्टेफान त्स्वाइग या लेखकाला त्या व्हिएन्नाच्या रस्त्यात भेटल्या, आणि लोकांना काय चालले आहे हे कळत कसे नाही म्हणून भर रस्त्यात मोठ्याने बोलू लागल्या, ही हकीकत त्याने आपल्या आठवणींत लिहिली आहे.  २१ जून १९१४ रोजी बाई वारल्या. सात दिवसांनी साराजेव्होत गोळी झाडली गेली. शरद ऋतूत व्हिएन्नातच भरायची होती ती शांतता-परिषद, जिच्या तयारीत त्या शेवटपर्यंत होत्या, अर्थातच भरली नाही.

त्यांच्या आणि फ्रीडच्या हातची पत्रे, रोजनिश्या, इतिवृत्ते आज जिनीव्हाला राष्ट्रसंघाच्या जुन्या ग्रंथालयात, म्हणजे आताच्या संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात, जतन केलेली आहेत. आणि १८९९ चे लवाद न्यायालय हेगला अद्याप चालू आहे. बंगालच्या उपसागरातील सागरी सरहद्दीचा भारत व बांगलादेश यांचा तंटा समुद्रविषयक करारान्वये नेमलेल्या लवादापुढे चालला, त्याची कचेरी याच न्यायालयाने सांभाळली; ७ जुलै २०१४ रोजी निवाडा झाला, वादग्रस्त क्षेत्राचा बराच मोठा भाग बांगलादेशाकडे गेला, आणि दोघांत बलवान असलेल्या भारताने तो निमूटपणे मान्य केला. त्याच भारताने सिंधूच्या खोऱ्यातल्या नद्यांवरच्या प्रकल्पांबाबत पाकिस्तानच्या मागणीवरून हेगला बसवलेल्या लवादाचा अधिकार मात्र मानण्यास नकार दिला आहे, आणि तो दावा पुढे चालवण्यात भागही घेतलेला नाही.